नेता बदलला म्हणजे संघटना बदलत नाही

(टेंभुर्णी येथे साखर कारखान्यांतील व औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी जो विषय दिला आहे, तो सहसा कोणी उघडपणे मांडत नाही. मालकाने अन्याय केला तर कामगाराने संघटनेकडे जावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. परंतु संघटनाच पाठीशी उभी राहिली नाही, तर त्याने कोठे जावे? मालकाविरुद्ध बोलायला धैर्य लागते. आपल्याच संघटनेविरुद्ध बोलायला त्याहून अधिक लागते, कारण समोर उभा असलेला माणूस आपल्याच गावचा, आपल्याच पाळीत काम केलेला असतो.

टेंभुर्णी परिसराला हा प्रश्न परका नाही. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, महामार्गालगत औद्योगिक वसाहत वसली. आज या पंचक्रोशीत कायम कामगार आहेत, गाळपापुरते काम आणि उरलेले महिने रिटेन्शनवर काढणारे हंगामी कामगार आहेत आणि ज्यांचे नाव कोणत्याच संघटनेच्या नोंदवहीत नाही असे कंत्राटी कामगारही आहेत. महाराष्ट्रातील साखर पट्ट्यात एक चित्र वारंवार दिसते. कारखान्याच्या निवडणुकीत जे पॅनेल निवडून येते, त्याच पॅनेलच्या मर्जीतील माणूस कामगारांचाही पुढारी होतो. मग पगार थकले तरी संघटना गप्प राहते. वर्गणी मात्र पगारातून नियमाने कापली जाते.

अशा वेळी कामगारापुढे दोन मार्ग सहज येतात. एक म्हणजे संघटनेचा नाद सोडून द्यायचा आणि आपले आपण बघायचे. दुसरा म्हणजे एखादा धडाडीचा नेता शोधायचा आणि सर्व काही त्याच्या हाती सोपवायचे. हे दोन्ही मार्ग महाराष्ट्राने चालून पाहिले आहेत. त्यांचे काय झाले, हे आधी पाहू.

गिरणगावाचा धडा

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाख कामगार त्यात होते. या संपाची चर्चा करताना आपण मालक, सरकार आणि डॉ. दत्ता सामंत यांच्याविषयी बोलतो. परंतु त्याचे मूळ संघटनेच्या अपयशात होते, हे पुष्कळदा विसरले जाते.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात, एका क्षेत्रात एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ मानली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो दर्जा काँग्रेसप्रणीत ‘इंटक’शी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. वाटाघाटी करण्याचा आणि करारावर सही करण्याचा अधिकार त्याचाच. कामगारांचा त्याच्यावरील विश्वास उडाला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचा आवाज तोच होता. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा प्रश्न चिघळला, मजदूर संघाने केलेली तडजोड अनेकांना मान्य झाली नाही आणि कामगार आपण होऊन डॉ. सामंतांच्या दारी गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांच्या जोडीला हा कायदाच रद्द करा, अशीही मागणी या संपात होती. यावरून दुखणे कोठे होते ते कळते.

कामगारांची तक्रार खरी होती. त्यांचा त्यागही असामान्य होता. हजारो कुटुंबे कोकणात, घाटावर, आपल्या गावी परतली. भांडी विकली, मंगळसूत्रे गहाण पडली. तरीही संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, पण एक लाखाहून अधिक कामगारांचे काम कायमचे गेले. आणि संपाच्या पूर्ण काळात कायदेशीर प्रतिनिधी राहिला तो मजदूर संघच!

असे का घडले? मालकांचा आडमुठेपणा होता, सरकारची ताठर भूमिका होती, यंत्रमागांच्या स्पर्धेमुळे जुन्या गिरण्या चालवण्यात मालकांना रस उरला नव्हता. हे सर्व खरे आहे. पण संघटनशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट डोळ्यांत भरते. कामगारांनी नेता बदलला. निर्णय घेण्याची रीत मात्र बदलली नाही. पूर्वी एका कार्यालयात निर्णय होत होता, आता तो एका व्यक्तीच्या शब्दावर होऊ लागला. कोणत्या अटीवर परतायचे आणि कधी परतायचे, हे गिरणीगणिक बसून ठरवणारी कामगारांची स्वतःची यंत्रणा उभी राहिली नाही. त्यामुळे पुढे जाण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा मागे येण्याचा मार्गही कोणाजवळ नव्हता.

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गिरणीचा भोंगा थांबला की केवळ कामगाराचा पगार थांबत नाही, खानावळ, किराणा दुकान, मुलांची शाळा असे सगळे गावच थांबते.

एस.टी.चा संप

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे, या गावच्या बसस्थानकावरही अनुभवलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या कृती समितीने उपोषण आरंभले. सरकारने महागाई भत्त्यासारख्या काही मागण्या मान्य केल्या आणि २८ ऑक्टोबरला समितीने आंदोलन मागे घेतले. पण आगाराआगारांत कर्मचारी उठले नाहीत. त्यांची मुख्य मागणी होती महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. संघटनांनी आपल्याला वर्षानुवर्षे फसवले, ही भावना इतकी तीव्र होती की अनेक ठिकाणी जुन्या पुढाऱ्यांना आंदोलनाच्या मंडपात येऊ दिले गेले नाही.

तो राग समजण्यासारखा होता. रात्री-अपरात्री मुक्कामी गाडी नेणाऱ्या चालकाच्या हाती पडणारे वेतन आणि त्याची जबाबदारी यांचा मेळ नव्हता. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट होती. २४ नोव्हेंबरला सरकारने सेवाकाळानुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. एस.टी.च्या इतिहासात ही मोठी वाढ होती. बहुसंख्य कर्मचारी तरीही परतले नाहीत. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, तेव्हा हा लढा थांबला.

हिशेब मांडला तर काय दिसते? नोव्हेंबरमध्ये पदरात पडलेली वाढ आणि एप्रिलमध्ये परतताना हाती असलेले यांत मोठा फरक नव्हता. मधले पाच महिने मात्र बिनपगारी गेले. हजारोंवर बडतर्फीची कारवाई झाली, पुढे ती मागे घ्यावी लागली. वाढ जाहीर झाली त्या दिवशी प्रत्येक आगारात गुप्त मतदान घेण्याची सोय असती तर? कदाचित लढा चालूच ठेवण्याचा कौल आला असता, कदाचित आला नसता. पण तो कौल कर्मचाऱ्यांचा असता. संघटना झुगारून दिल्या आणि त्यांच्या जागी कौल घेणारी दुसरी यंत्रणा उभी केली नाही, याची किंमत घराघरांतील चुलीने मोजली.

ग्दान्स्कच्या गोदीत

आता एक परदेशातील उदाहरण देतो, कारण तेथे हे काम नीट झाले. १९८० चा पोलंड. कम्युनिस्ट राजवट. तेथे संघटना होत्या, पण त्या पक्षाच्या आणि सरकारच्या. कामगारांच्या वतीने बोलायचे ते मालक असलेल्या सरकारशीच संगनमत करून! ग्दान्स्क येथील लेनिनच्या नावाने चालणाऱ्या जहाजबांधणी कारखान्यात आन्ना वालेंतिनोविच या क्रेनचालक महिलेला निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढले गेले. १४ ऑगस्ट १९८० रोजी तिच्यासाठी संप सुरू झाला.

कामगारांनी काय केले ते पाहा. दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर १९७० मध्ये, ते रस्त्यावर उतरले होते आणि गोळीबारात माणसे मेली होती. म्हणून या वेळी ते कारखान्याच्या आतच बसले. आवारात दारूबंदी केली. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने त्यांची पगारवाढ मान्य केली आणि लोक घरी निघाले. तेव्हा आन्ना आणि तिच्या सहकारी महिलांनी दारात उभे राहून त्यांना थांबवले. इतर छोट्या कारखान्यांतील कामगार आपल्यासाठी संपावर आहेत, आपण गेलो तर त्यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. मग प्रत्येक कारखान्यातून प्रतिनिधी आले, संयुक्त समिती झाली, एकवीस मागण्या ठरल्या. त्यांत पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र अशी संघटना बांधण्याचा हक्क, ही पहिली मागणी होती. सरकारशी चाललेली बोलणी ध्वनिक्षेपकावरून बाहेर बसलेल्या सर्वांना ऐकवली जात. बंद दाराआड काही नाही. ३१ ऑगस्टला करार झाला. पुढे ‘सॉलिडॅरिटी’चे सभासद एक कोटीच्या घरात गेले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, पुढारी तुरुंगात गेले, तरी संघटना संपली नाही आणि १९८९ मध्ये त्या राजवटीलाच निवडणुकीला सामोरे जावे लागले. लेक वालेसा यांचे नाव जगाला ठाऊक झाले. पण ती संघटना एका वालेसांवर उभी नव्हती, म्हणूनच ते नजरकैदेत असतानाही ती जिवंत राहिली.

मग आपण काय करावे?

बंधुभगिनींनो, या तिन्ही उदाहरणांवरून मी आपल्यासमोर काही पायऱ्या मांडतो. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी, संघटना सोडू नका, ती तपासा. संघटनेचे हिशेब आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सभासदाला १९२६ च्या कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही संघटनेच्या घटनेत ही सोय असणे बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या संघटनेची घटना वाचली आहे? शेवटची सर्वसाधारण सभा केव्हा झाली, निवडणूक केव्हा झाली, वर्गणीचे काय झाले, हे प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून उपयोग नाही. ते लेखी विचारावेत, दहा-वीस सभासदांच्या सह्यांनी विचारावेत आणि पोच घ्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच झोपलेली संघटना जागी होते.

दुसरी पायरी, उत्तर मिळाले नाही तर सभासद आणि संघटना यांच्यातील वादासाठी कायद्याचे दार आहे. संघटनेचा कारभार, व्यवस्थापन किंवा पदाधिकाऱ्यांची निवडणूक यांविषयीचा वाद सभासदाला औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेता येतो, अशी तरतूद नव्या संहितेत आहे.

तिसरी पायरी, आपले व्यक्तिगत हक्क संघटनेवाचून थांबू देऊ नका. कामावरून काढलेल्या कामगाराचा वाद, त्याच्यामागे संघटना नसली तरी औद्योगिक वाद मानला जातो. १९६५ मध्ये केलेल्या दुरुस्तीने हे तत्त्व आपल्या कायद्यात आले. आता समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यानंतर पंचेचाळीस दिवसांत प्रश्न सुटला नाही, तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र कामावरून काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. ‘साहेब बोलतो म्हणाले’ या भरवशावर दोन वर्षे घालवलेले कामगार थोडे नाहीत. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि तिच्यात मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असले पाहिजेत. आपल्या कारखान्यात ती आहे का, हे उद्याच विचारा. नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, हजेरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा हे सर्व घरी एका फाइलमध्ये असू द्या. हे काम गृहिणी फार चांगले करू शकतात.

येथे एक मेख लक्षात घ्या. कामावरून काढण्याखेरीज अन्य तक्रार त्या समितीत सुटली नाही, तर ती समेट अधिकाऱ्याकडे न्यायची वाट कामगार ज्या संघटनेचा सभासद आहे, तिच्यामार्फतच जाते. म्हणजे रागाने संघटना सोडून एकटा बसलेला कामगार त्या दारातच अडतो. ‘माझे मी बघेन’ या मार्गाला मर्यादा आहे, ती अशी.

चौथी पायरी, सर्व उपाय थकले तरच नवी संघटना. सात जण अर्ज करू शकतात, पण आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत. वाटाघाटीचा अधिकार मिळवायचा तर एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणालाच नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाट परिषद बनते. हे आकडे मुद्दाम सांगतो. केवळ घोषणांनी वाटाघाटीचा अधिकार मिळत नाही, तो नोंदवहीतील नावांनी मिळतो आणि नावे घरोघर जाऊन मिळवावी लागतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तर मान्यताप्राप्त संघटना कामगारांऐवजी मालकाच्या हितासाठी चालवली जात असेल, तर तिची मान्यता रद्द करण्याची तरतूद करून ठेवली होती. तिचा उपयोग किती ठिकाणी झाला? हत्यार असून ते उचलणारा हात नसेल, तर दोष केवळ कायद्याचा नाही.

पाचवी पायरी, नवी असो वा जुनी, तिची रीत बदला. गुप्त मतदानाने निवडणूक, दरवर्षी जाहीर हिशेब, कराराचा मसुदा सही होण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवणे आणि संपाचा निर्णय घेतानाच तो कोणत्या अटीवर थांबवायचा याचाही निर्णय. कंत्राटी आणि हंगामी कामगाराला सभासद करून घ्या. त्याला बाहेर ठेवणारी संघटना उद्या त्याच्याच हातून मोडली जाते.

आपल्या झेंड्यालाही हीच कसोटी

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा कामगार संघटना या बहुतेक पक्षांच्या शाखा झाल्या होत्या. कामगाराचे हित पक्षाच्या सोयीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार होता. राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित हे एकमेकांचे शत्रू नाहीत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. पण मी आपल्याला स्पष्ट सांगतो, की विचार चांगला आहे म्हणून कारभार आपोआप चांगला होत नाही. भगव्या झेंड्याखालील संघटनेनेही सभा घेतली नाही, हिशेब दिला नाही, तर तेथील सभासदानेही हेच प्रश्न विचारले पाहिजेत आणि तेथील कार्यकर्त्याने ते आनंदाने ऐकले पाहिजेत. प्रश्न विचारणारा सभासद हा संघटनेचा शत्रू नसतो. वर्गणी देऊन गप्प बसणारा मात्र नकळत तिचा घात करतो.

समाजाचे दायित्व

शेवटी दोन शब्द येथे बसलेल्या शिक्षक, वकील, डॉक्टर, व्यापारी बंधूंसाठी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, तेव्हा त्यांच्याजवळ आजच्या अर्थाने संघटना नव्हती. निधी नव्हता, सभासदांची नोंद नव्हती, मान्यता देणारा कायदाही नव्हता. तरी सुमारे साडेपाच हजार कामगारांनी निवेदनावर सह्या केल्या. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या सभेत दोन स्त्री कामगार बोलायला उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज आपण सर्व रविवारी जी विश्रांती घेतो, तिच्यामागे त्या सह्या आहेत.

त्या काळी कामगाराला अर्ज लिहून देणारा, सभेला जागा देणारा, त्याची बाजू वृत्तपत्रात मांडणारा समाज काही प्रमाणात तरी होता. आज टेंभुर्णीत एखाद्या कामगाराचा पगार चार महिने थकला, तर दुकानदाराने उधारी पुढे ढकलावी, वकिलाने एक अर्ज विनामूल्य लिहून द्यावा, शिक्षकाने संघटनेची घटना सोप्या मराठीत समजावून सांगावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. आणि ज्याच्या घरात धान्य आहे, तो कामगार घाईने वाईट करारावर सही करत नाही, की निराशेने टोकाचे पाऊल उचलत नाही.

संघटना अपयशी ठरली तर कामगाराने तिचा ताबा परत घ्यावा, एवढेच मला सांगायचे होते. ती कोणाची देणगी नाही. तिच्या नोंदवहीत आपले नाव आहे, तिच्या पेटीत आपला पैसा आहे. उद्या कामावर जाल तेव्हा पहिले काम म्हणून आपल्या संघटनेच्या घटनेची प्रत मागा. ती मिळाली तर वाचा. नाही मिळाली तर का मिळाली नाही, हे लेखी विचारा.